अकरा सेकंद

दुसऱ्या रेल्वे गेटावर स्कूटी बंद करून
मी रोज आधी हेच उघडते.
मालगाडीचे डबे मोजायचं वय गेलं,
आता माणसं मोजते.
काल तीन हजार चारशे सहा.
आज?
आजचा खांब पडद्याबाहेर राहतो.
पुण्यातल्या भिंतीएवढ्या स्क्रीनसाठी मांडलेला तक्ता
माझ्या तळहातावर कालपर्यंतच मावतो.
फोन आडवा केला की आज दिसतो,
पण तेवढ्यात गेट उघडतं
आणि मागचा टेम्पो हॉर्न मारतो.

आमचं ॲप दुधाचं.
डेअरीत घातलं किती, फॅट लागली किती, पैसे किती,
एवढंच सांगतं.
पहाटे एक उंचवटा, तिन्हीसांजेला एक,
मधे सपाट माळ.
दुपारी साडेचारच्या पुढं एक बारीक पुटकुळी येते,
तिला आम्ही गोंगाट म्हणतो आणि पुसून टाकतो.
म्हशींचं वेळापत्रक मला पाठ आहे
एकीचीही धार न काढता.

नकाशावर कुद्रेमानीचा ठिपका
घटकेत कर्नाटकात, घटकेत महाराष्ट्रात.
माणूस जागचा हललेला नसतो,
टॉवर बदलतो.
इराण्णा म्हणाला, बग आहे, सोमवारी मिटवतो.
मी म्हटलं, बघ जमतंय काय,
बऱ्याच जणांनी बघितलंय.

पण लाल खूण निराळ्याच जागी.
पहिल्याच पडद्यावर, ‘भाषा निवडा’.
मराठी, कन्नड, इंग्रजी : तीन गोल बटणं.
शंभरातले एकतीस तिथूनच परत.
उरलेले दाबतात,
पण सरासरी अकरा सेकंद थांबून.
पुण्याहून निरोप आला :
अकरा सेकंद फार झाले. बटणं काढा.
माणूस कुठं उभा आहे त्यावरून भाषा ओळखू.

कुठं उभा आहे त्यावरून.
मी अंगठा टेकवला, उचलला,
काही लिहिलं नाही.

बुधवारी रजा टाकून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी करत गेले.
यल्लूबाई मुचंडीकर राखेनं कॅन घासत होती.
फोन कॅनच्या झाकणावर, पालथा.
“ह्ये तीन गोल आलं की मी असा घालून ठेवतो.”
का गं?
“बोलतोय आमी मराठी.
भरमाणी शाळंत कानडी शिकतोय, त्येला त्येच वाचाय येतंय.
मला तर दोन्ही न्हाई.
मग कुणाचं दाबू?
माझं, का त्येचं?”
आणि कॅन उपडा करून म्हणाली,
“त्यो आला की दाबतोय. घाई काय हाय?
दूध तर गेलंय फुडं.”

मी माझा फोन काढला.
रेंज एक काडी.
तिची खूण एकतीस जणांत होती,
शेरा : निघून गेली.
ती माझ्यासमोर उभी होती,
कोपरापर्यंत राख.

मग भरमाणी आला,
एका मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं,
दप्तर खांद्यावरून न काढताच त्यानं कन्नड दाबलं.
हालु, वाचलं त्यानं मनात,
दूध, म्हणाला मोठ्यानं.
पाच लिटर, सहा पॉइंट चार, दोनशे नव्वद.
यल्लूबाईनं बोटांच्या पेरांवर रक्कम बसवली,
दोनदा.
“कालच्यापरास फॅट चढली की रं,” म्हणाली,
आणि म्हशीकडं असं बघितलं
जसं कुणी पास झालेल्या पोरीकडं बघतं.

परतताना गेट पडलेलं.
फोन आडवा केला.
आजच्या सपाट माळावर ती पुटकुळी होती,
चार पस्तीसला,
एकीची नव्हे, बऱ्याच जणींची.

पुण्याला लिहिलं : बटणं राहू द्या.
अन् साडेचारचा गोंगाट पुसू नका.
त्यांनी कारण विचारलं.
गाडी यायची होती अजून,
मागचा टेम्पोही गप्प होता.
कारणाच्या रकान्यात लिहिलं :
शाळा साडेचारला सुटते.